तांडेलाचा रुमाल

अग्निशमन दलात मी बंबाचा ड्रायव्हर आहे. माझ्या नोकरीचा अर्धा भाग पंप चालवणं आणि उरलेला अर्धा खोटं बोलणं. पहिल्याचं प्रशिक्षण दलाने दिलं, दुसरं मी घरूनच शिकून आलो. लहानपणी आमच्या पेठेत मी सांगून ठेवलं होतं की आमच्या नळाला पहाटे दूध येतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बायका पातेली घेऊन दारात. त्यातली एक रिकामं पातेलं घेऊन परत जाताना माझ्या आईला म्हणाली, "असू द्या हो, आमच्याकडे म्हशीचंच लागतं."

तर सांगायचं हे की मी बोलतो ते निम्मं कापून ऐकायची लोकांना सवय आहे. पुढचं मात्र कापू नका. कापण्यासारखं त्यात मी फार ठेवलेलं नाही.

आधी काम समजून घ्या. आगीचा फोन आला की आम्ही 'वर्दी आली' म्हणतो. बंब आगीपाशी पोचला की बाकीचे जवान पाइप घेऊन आत जातात आणि ड्रायव्हर गाडीच्या पंपापाशी उभा राहतो. पाण्याचा दाब त्याच्या हातात. दाब कमी पडला तर आतला माणूस जाळापुढे कोरडा उभा. जास्त झाला तर पाइप त्याला उचलून आपटतो. मी एकदा इतका दाब दिला होता की आमचा एक जवान जिना न चढता दुसऱ्या मजल्यावर पोचला. त्याला पुढे बढती मिळाली, आणि ती त्याला आपल्या कर्तबगारीने मिळाली असं तो अजून समजतो.

पंप सोडून मला हलता येत नाही. म्हणून आमच्या स्टेशनात एक रीत पडली आहे. आत जाण्याआधी प्रत्येकाने आपला मोबाइल ड्रायव्हरकडे द्यायचा. आत पाणी असतं, धग असते, रांगावं लागतं. मोबाइल टिकत नाही. माझ्या बायकोने त्यासाठी मला जुन्या जीन्सची पिशवी शिवून दिली आहे, कंडक्टरसारखी, कमरेला बांधायची. जवान येतो, मोबाइल पुढे करतो, 'ठेव' म्हणतो आणि आत जातो. आणि मग ते मोबाइल वाजायला लागतात. एकाची आरती, एकाचा कोंबडा, एकाच्या लहान पोराचं हसणं. आतली माणसं धुरात रांगत असतात आणि बाहेर माझ्या कमरेला त्यांचे संसार वाजत असतात.

ते फोन मी उचलतो. उचलले नाहीत तर घरची बाई घाबरते. खरं सांगितलं तर आणखी घाबरते. म्हणून माझी नेमणूक. "वहिनी, ते साहेबांबरोबर मीटिंगला बसलेत." "वहिनी, एक मंत्री आलेत, त्यांना पाइप कसा धरायचा ते शिकवतोय, मंत्री सोडायलाच तयार नाहीत." एकीला मी सांगितलं की ते परदेशी पाहुण्यांना शिडी दाखवताहेत. ती म्हणाली, "शिडी दाखवा नाहीतर विमान दाखवा, येताना कोथिंबीर आणायला सांगा." नवरा तेव्हा धूर खाऊन दवाखान्यात खोकत पडला होता. कोथिंबीर मी नेऊन दिली. जुडी निवडताना ती म्हणाली, "ही तुम्ही आणलेली दिसते. ते इतकी ताजी आणत नाहीत."

फक्त एका वहिनींपुढे माझं काही चालत नसे. तांडेलाची बायको. "मागनं आगीचा आवाज येतोय भाऊजी," त्या शांतपणे म्हणायच्या. "पाणी नीट मारा."

तांडेल म्हणजे जवानांच्या तुकडीचा म्होरक्या. आत सगळ्यांच्या आधी जायचं, बाहेर सगळ्यांच्या शेवटी यायचं, आणि येताना आपली माणसं मोजून आणायची, हे त्याचं काम. आमचा तांडेल लोणी काळभोरचा. भरतीपासून आम्ही एकत्र. मी बोलायचो, तो ऐकायचा, आणि अशी जोडी फार टिकते. वर्दीवरून परतलो, पाइप धुऊन वाळत टाकले, चहा आला, की मी झालेली आग पुन्हा पेटवायचो. माझ्या गोष्टीत तांडेल एका काखेत म्हातारी आणि दुसऱ्या काखेत पेटता गॅस सिलिंडर घेऊन जिना उतरायचा. तो बशीत चहा ओतता ओतता म्हणायचा, "सिलिंडर दोन हुतं गड्या. एक इसरलास."

गेल्या उन्हाळ्यापर्यंत हे असं चाललं.

गेल्या उन्हाळ्यात सकाळची एक वर्दी आली. सोसायटीचं नाव सांगत नाही, तिथे माणसं अजून राहतात. चौथ्या मजल्यावर एक आजोबा घरात एकटे होते. मुलगा-सून कामावर गेलेले. आग दाराच्या बाजूच्या खोलीत, त्यामुळे दारातून आत शिरायची वाट बंद. आजोबा मागे गॅलरीत आले, आणि गॅलरीला लोखंडी ग्रिल, वरपासून खालपर्यंत, भिंतीत बसवलेलं. पुण्यात माणसं गॅलरीला ग्रिल लावतात ती चोरांसाठी आणि कबुतरांसाठी. आतून बाहेर यायची वेळ आली तर काय, हे ना ग्रिलवाला विचारतो ना घरमालक.

शिडी लावली. तांडेल चढला. ग्रिल कापायचा कटर दुसऱ्या गाडीवर होता आणि ती गाडी सोसायटीच्या फाटकात अडकली होती, कारण आमचा बंब आत शिरल्यावर फाटकात एक मोटार आडवी आली होती. तिचा मालक हातात किल्ली खेळवत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "आपण तो फाटकाबाहेरचा बंब जरा मागे घ्यायला सांगाल का? मला ऑफिसला निघायचंय." मी म्हटलं, "आपली मोटार वर चौथ्या मजल्यावर लावू का? तिथे आता जागा होतेय."

हे मी म्हटलं तेव्हा वर पाहिलं नव्हतं. मग पाहिलं. आजोबांनी ग्रिलमधून हात बाहेर काढला होता आणि तांडेलाने तो आपल्या उजव्या हातात धरला होता. हातमोजा त्याने काढून टाकला होता. दोघं बोलत होते. पंपाच्या आवाजात मला शब्द ऐकू येत नव्हते, तांडेलाचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. तो मान हलवून सारखा हो हो करत होता. एखाद्या घरी पाहुणा गेला आहे आणि यजमान जेवायचा आग्रह करताहेत, असं वाटावं. मग आतून काळा धूर आला आणि आजोबा दिसेनासे झाले. हात दिसत होता.

कटर घेऊन दुसरा जवान वर पोचला तेव्हाही तांडेलाने तो हात सोडलेला नव्हता. त्या जवानाला बोटं एकेक करून सोडवावी लागली. तांडेलाची.

स्टेशनवर आल्यावर नेहमीसारखा चहा झाला. कोणी काही बोलेना, म्हणून मी मोटारवाल्याची गोष्ट काढली, त्याला दोन किल्ल्या आणि एक कुत्रं जोडलं. सगळे हसले. तांडेलही हसला. त्याचं हसू मला माहीत होतं, नाकातल्या नाकात. त्या दिवशी तो तोंड उघडून हसला, सगळ्यांहून मोठ्याने, आणि सगळे थांबल्यावरही थोडा वेळ हसत राहिला.

मग त्याचा डावा हात सुरू झाला. दुपारी डबे उघडले आणि तांडेल डाव्या हाताने भाकरी मोडायला लागला. उजवा हात खिशात.

"काय रे, डावखुरा झालास?" एकाने विचारलं.

"मुरगाळलाय," तो म्हणाला.

मुरगाळलेला हात वर्दीवर मात्र हातमोज्यात जाऊन सगळी कामं करत होता. पाइप ओढत होता, दार फोडत होता. उघडा पडला की खिशात. कोणाशी हात मिळवायचा नाही, कोणाच्या पाठीवर थाप मारायची नाही. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. अशी गोष्ट न पाहण्यात आमचं स्टेशन पटाईत आहे; आम्ही न पाहण्याचा विश्वविक्रम केला असता, पण पाहायला कोणी आलं नाही.

पावसाळ्यात दलाने आमच्यासाठी मनःस्वास्थ्याचं शिबिर ठेवलं. एक समुपदेशक मॅडम आल्या. साध्या, ठेंगण्या, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी विचारलं, "वाईट प्रसंगानंतर कोणाला झोप लागत नाही असं होतं का?"

मागून आवाज आला, "होतं की मॅडम. वर्दीची घंटा वाजली की लागत नाही."

हशा. मग माझी पाळी असल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मी उठून, आपल्याला काहीच होत नाही, याची एक लांबलचक गोष्ट सांगितली. तीत मी जळत्या गोदामात घोरत पडलो होतो आणि घोरण्याच्या वाऱ्याने आग विझली होती. टाळ्या पडल्या. तांडेल मागच्या रांगेत होता, तसाच तोंड उघडून हसत.

निघताना मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "आपण छान बोलता. सगळ्यांच्या वाटचं आपणच बोलता का?"

मी म्हटलं, "सवय आहे मॅडम."

"ते मागे बसलेले, हात खिशात घातलेले. ते नेहमी असेच हसतात का?"

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. त्यांनी आपलं कार्ड माझ्या हातात दिलं. त्याच्या नाही, माझ्या.

दसऱ्याला आम्ही बंबाची पूजा करतो. बंब धुतो, झेंडूच्या माळा घालतो, गुरुजी येतात, घरची माणसं येतात. आरती झाली, गुरुजी तीर्थ द्यायला लागले. तांडेलाने डावा हात पुढे केला. गुरुजींची पळी हवेत थांबली. "उजवा," ते म्हणाले. तांडेल हलला नाही. "अहो, तीर्थ डाव्या हातात घेत नसतात, हे आगवाल्यांना वेगळं सांगावं लागतं का?"

तांडेलाने हात मागे घेतला आणि तो बाहेर निघून गेला. त्याची लहान मुलगी त्याच्या मागे धावली, बोट धरायला. त्याने दोन्ही हात वर केले. कोणीतरी पिस्तूल रोखल्यावर करतात तसे. पोरीला वाटलं खेळ आहे, तीही हात वर करून उड्या मारायला लागली. आवारातलं हसणं एकदम बंद पडलं, आणि झांजा वाजवणाऱ्याला ते कळायला जरा उशीर झाला.

त्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. त्याच्या मोबाइलवर नव्हे, माझ्या.

"भाऊजी, आज खोटं नगा सांगू. घरातल्या समद्या खिडक्यांची ग्रिलं कापून टाकली त्यांनी. मांजर आत येतंय. उद्या माणूस यील. मी काय बोलत न्हाय. पण रातचं उठून त्या खिडकीत बसत्यात आन् हो हो करत मान हलवत्यात. कुणाला हो म्हणत्यात?"

मला खोटं सुचलं नाही. माझ्या आयुष्यात ही पहिली खेप. मी म्हटलं, "बघतो वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "मॅडमकडे जाऊन येऊ," मी म्हटलं. "मी पण येतो. मला पण घोरण्याचा त्रास आहे."

"येडा म्हणतील मला."

"मला भरतीपासून म्हणतात. पगार कापलेला नाही अजून."

"तुझं येगळं. मला आत पाठवायचं बंद करतील. पाइप गुंडाळायला बसवतील." त्याने ग्लास खाली ठेवला. "आत बरं वाटतं रं."

"कुठे आत?"

"आगीत. तिथं कोण काय इचारत न्हाय."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. गावाकडचं हवामान सांगावं तसं. आणि मला वहिनींचा प्रश्न आठवला, कुणाला हो म्हणतात. त्या दिवसापासून मी त्याला वर्दीवर आत जाताना पाठमोरा पाहायला लागलो. तो घाईने जात नव्हता. घाई असती तर बरं वाटलं असतं. तो सावकाश जायचा, ओळखीच्या घरी जावं तसा, आणि दर खेपेला जरा जास्त वेळ आत राहायचा.

हिवाळ्यात खराडीची वर्दी आली. दुपारची वेळ. काचेच्या मोठमोठ्या ऑफिसांच्या मागे एक फोमच्या गाद्यांचं गोदाम पेटलं होतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलंमुली वरच्या गच्च्यांवरून मोबाइलवर शूटिंग करत होती. चौकीदार आधीच आपली खाट डोक्यावर घेऊन बाहेर आला होता आणि सगळ्यांना सांगत होता की आत कोणी नाही, त्याने स्वतः कुलूप काढून पाहिलंय. म्हणजे वाचवायला आत कोणी नव्हतं. फक्त गाद्या.

जवान एकेक करून माझ्याकडे आले. मोबाइल, 'ठेव'. मोबाइल, 'ठेव'. तांडेल शेवटी आला. पाठीवर हवेचा सिलिंडर, मास्क अजून गळ्यात लोंबता. त्याने माझ्या हातात एक रुमाल दिला, गाठ मारलेला.

"राहू दे तुझ्यापाशी," तो म्हणाला आणि गेला.

मी पंपात गुंतलो होतो. रुमाल पिशवीत टाकला. दाब बसवला, काटा स्थिर झाला, आणि मग मला कमरेला वजन जाणवलं. मोबाइलचं वजन मला पाठ आहे. हे जास्त होतं. मी एका हाताने पंप सांभाळत दुसऱ्या हाताने आणि दातांनी गाठ सोडली. मोबाइल. घराची किल्ली. लग्नातली अंगठी. आणि काळ्या दोऱ्यातला ताईत.

तो ताईत त्याच्या आईने जेजुरीहून आणलेला. तो आंघोळीलाही निघत नसे. एकदा छातीचा एक्स-रे काढताना डॉक्टर म्हणाले, हे गळ्यातलं काढा, तर हा एक्स-रे न काढता परत आला होता. मी ती गोष्ट नंतर कित्येकदा रंगवून सांगितली होती. आता तो ताईत माझ्या तळहातावर होता, त्याच्या अंगाची ऊब अजून त्याला होती.

मी आजूबाजूला पाहिलं. साहेब दुसऱ्या तुकडीबरोबर गोदामाच्या मागच्या बाजूला गेले होते. त्यांना वॉकीटॉकीवर हाक मारली, नुसती खरखर. तेवढ्यात दारातून एक जवान बाहेर आला, तांडेलाचा जोडीदार. त्याच्या सिलिंडरची शिट्टी वाजत होती. हवा संपत आली की ती आपोआप वाजते, म्हणजे आता निघा. दोघं एकदमच आत गेले होते, सारखीच हवा घेऊन.

"तांडेल कुठाय?"

"मागेच आहे," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणाला, तू हो पुढं."

मागे कोणी नव्हतं. दारात नुसता पिवळट धूर होता, फोमचा, जाड, आतल्या आत वळणारा.

गाडीचा हॉर्न लांब, पुन्हा पुन्हा दिला की आतल्या सगळ्यांनी हातातलं टाकून बाहेर यायचं असतं. तो हुकूम फक्त साहेब देतात. ड्रायव्हरने आपल्या मनाने दिला तर नोकरीवर येतं. मी केबिनमध्ये हात घालून हॉर्न दाबला. इतका दाबला की वरच्या गच्च्यांवरच्या सगळ्यांचे मोबाइल एकदम हलले. जवान बाहेर यायला लागले. एक, आणखी एक, खोकत, शिव्या देत. तो नाही.

हॉर्न त्याला ऐकू गेला असणार. गोदामातल्या गाद्यांनाही ऐकू गेला असणार. स्वतःसाठी तो बाहेर येणार नव्हता, हे तेव्हा मला लख्ख कळलं. मग मी माझं उरलेलं अर्धं काम केलं. वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि म्हटलं, "तांडेल, तुझा माणूस पडलाय. बाहेर पडलाय, गाडीपाशी. उठत नाही. मला पंप सोडता येत नाही."

खरखर. मग काहीच नाही. मी पुन्हा म्हटलं, "तांडेल. तुझा माणूस."

धुरातून तो आला. त्याची शिट्टी वाजत नव्हती. वाजून थांबली होती. भिंत धरून आला, आणि दारातून बाहेर पडताच त्याने मास्क ओरबाडून काढला आणि माणसं मोजायला लागला. बोट दाखवून, प्रत्येकाला. सगळे उभे होते.

"कोण पडलाय?"

"मी," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. उभा होतो तो कधी खाली आलो, मला कळलं नव्हतं. मी गाडीच्या पायरीवर बसलो होतो, एक हात पंपाच्या चाकावर, मांडीवर उघडा रुमाल.

त्याने रुमालाकडे पाहिलं.

"हॉर्न कुणी दिला?"

"मी."

"साहेबांनी सांगितला?"

"नाही."

"तुला काय कळतं रं?" तो म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांसमोर, "तुला काय कळतं? कशापायी बलवलंस?" आणि पाइपांमधून गळणाऱ्या पाण्यात खाली बसला. त्याच्या जोडीदाराने त्याच्या पाठीवरचा सिलिंडर सोडवला. गच्चीवरून कोणीतरी शूट करतच होतं.

टपरीवर मी हे सांगतो तेव्हा गोदामाचं छप्पर त्याच क्षणी धाडकन कोसळतं. ऐकणारे सुस्कारा टाकतात, मला चहा पाजतात. इथे लिहितोय म्हणून सांगतो, छप्पर पडलं नाही. आजही उभं आहे. नवे पत्रे टाकलेत. त्या दुपारी आत त्याला मारायला बाहेरचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब शब्द रेशनिंगवर मिळत असल्यासारखे बोलतात.

"कोणाच्या आदेशाने?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. भिंत कलली होती, पत्रा करकरला होता, कोपऱ्यात काहीतरी फुसफुसत होतं, शिवाय एक नागही होता. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते एवढंच, "साहेब, त्याने ताईत काढून दिला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. खिडकीकडे पाहिलं.

"त्या सोसायटीच्या रस्त्याने मी जात नाही," ते म्हणाले. "उन्हाळ्यापासून. घरी जायला वळसा पडतो. बायकोला सांगितलंय, रस्ता खोदलाय. पुण्यात हे कारण कायम चालतं." मग म्हणाले, "तुम्हाला मेमो मिळेल. विनाआदेश हॉर्न."

"हो साहेब."

"त्याला आत पाठवत नाही. कंट्रोल रूमला बसवतो. त्या मॅडमना फोन तुम्ही करा. मी केला तर त्याला तो हुकूम वाटेल."

मी फोन केला. कार्ड पाकिटात होतं, कोपरे मऊ झालेलं. मॅडमनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "त्यांना एकटं सोडू नका. आणि घरी खरं सांगा. तुम्हाला जमेल ना?"

वहिनींना मी खरं सांगितलं. फार थोड्या वाक्यांत झालं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. "बरं केलं सांगितलं," त्या म्हणाल्या. "घरात मी हाय. रस्त्यात तुमी ऱ्हावा."

तेव्हापासून मी रोज सकाळी स्कूटर काढून लोणी काळभोरला जातो आणि त्याला मागे बसवून आणतो, संध्याकाळी सोडतो. सोलापूर रस्त्यावरचे ट्रक अंगावरून जातात, उसाच्या ट्रॉल्या हेलकावे खातात, आणि मागे तो, एक शब्द न बोलता. माझ्यावर त्याचा राग होता, अजूनही आहे. मी बोलत राहायचो. अर्धं आयुष्य सांगून झालं, मग दुसऱ्याचं आयुष्य सांगायला घेतलं. ट्रक जवळून गेला की मी आरशात पाहायचो, मागे तो आहे ना.

एका सकाळी हडपसरच्या अलीकडे तो म्हणाला, "कुठं हाय ती बाई?"

मी स्कूटर तिथेच वळवली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.

मॅडमच्या खोलीबाहेर एक बाक होता. तो आत गेला, दार लागलं. मी बाकावर बसलो. कितीतरी वेळ आतून काहीच आवाज आला नाही, आणि मला आवाज नसण्याची भीती वाटायला लागली; मी दोनदा उठून दारापाशी गेलो. मग आवाज आला. त्याचाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. तो सलग बोलत होता. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

तो खाली आला तेव्हा डोळे लाल होते. हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला.

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाय. ऐकत हुत्या."

"आणि तू?"

"म्हातारं काय बोलत हुतं ते सांगितलं."

काय बोलत होते, हे मी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मी कधीतरी ते कुठेतरी सांगितलं असतं.

"एका डॉक्टरकडं जायला सांगितलंय, गोळ्यांसाठी," तो म्हणाला. "आन् हिकडं परत."

"कधी?"

"गुरवारी."

"येणार ना?"

तो रस्त्याकडे पाहत होता. एक बस गेली, दुसरी गेली.

"तिला हो म्हनलोय," तो म्हणाला आणि मागे बसला.

आज मंगळवार आहे. संध्याकाळी मी त्याला घरी सोडून आलो. वहिनी दारात उभ्या होत्या, पोरगी त्यांच्यामागे. तो आत गेला, मागे वळून न बघता. मी थोडा वेळ रस्त्यातच गाडी चालू ठेवून थांबलो. मग वहिनींनी मान हलवली, जा म्हणून. उद्या सकाळी त्याला आणायला जायचंय.